शिवकांताचं वजन

"डॉक्टरबाई, पेढ्याच्या दुकानात जल्मलेली पोरगी बारीक होऊ शकती का?"

प्रश्न तसा शिवकांताचा नव्हता. तो रुख्मिणी आणि धुरपता या तिच्या दोन मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत बोरं खाता खाता जुळवला होता. आणि भर वर्गात हे विचारायची शिवकांताची छाती होणार नाही, यावर रुख्मिणीनं शर्तही लावली होती. विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी वाहीन! पालमच्या त्या शाळेत वर्षातून एकदा परभणीहून दवाखान्याची जीप यायची. पोरींचे डोळे, दात, नखं तपासून झाली की डॉक्टरीणबाई हात पुसत विचारायच्या, "कुणाला काही विचारायचंय?" आणि सगळा वर्ग फरशीकडं बघायचा. त्या जानेवारीत नववीच्या सगळ्या पोरींनी फरशीकडं बघितलं आणि एकटी उभी राहिली.

वर्ग फुटलाच. धुरपतानं वेणीचं टोक तोंडात कोंबलं. शिवकांताला वाटलं होतं, आता आपल्याला रडू येणार. झालं भलतंच. सगळ्यांत मोठ्यांदा तीच हसली. आजवर लोक तिला हसायचे, आज तिनं लोकांना हसवलं होतं, आणि यात लय फरक असतो हे तिला उभ्या उभ्या कळलं.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "कुठं जन्मलीस ते राहू दे. काल काय काय खाल्लंस ते सांग."

शिवकांतानं बोटं मोजली. सकाळी साईच्या दुधाचा चहा आणि खारी. मग भट्टीवर जाऊन खव्याच्या कढईची खरवड. "ती गरमच खायची असती बाई, गार झाली की मजा न्हाई." दुपारी तुपातली पोळी, वरणावर तुपाची धार. दुकानात बसलं की दोन पेढे, पाहुणा आला की त्याच्या जोडीला आणखी दोन. संध्याकाळी डालड्यातली भजी. निजताना पेलाभर दूध, साखर घालून.

"आणि भाजी?"

"बटाट्याची हाय की."

बाईंनी एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. जे मातीतून येतं ते खायचं, आणि जसं येतं तसं खायचं. कोंड्यासकट भाकरी, अख्खी कडधान्यं, पाला, शेंगा, फळं. दूध, तूप, खवा, साखर, मैदा, डालडा बंद. तेल नावाला, त्याऐवजी दाण्याचा कूट, जवस, कारळं. खाली दोन रेघा मारून लिहिलं, पोटभर खायचं. "उपाशी राहिलीस असं कळलं, तर पुढच्या वर्षी येऊन आधी तुझे कान धरीन. थकवा वाटला, चक्कर आली तर सरळ दवाखाना गाठायचा."

शिवकांतानं कागदाची घडी कंपासपेटीत ठेवली. त्या दिवशी घरी जाताना तिचं दप्तर रुख्मिणीच्या खांद्यावर होतं आणि ती स्वतः हात हलवत मोकळी चालली होती.

तिला बारीक कशाला व्हायचं होतं? सुंदर दिसायला? छ्या! आरशातलं तोंड तिला पहिल्यापासून पसंत होतं. मामला खो-खोचा होता. शाळेच्या मैदानावर खो-खोचे दोन खांब होते, त्यातला एक वाळवीनं खाऊन आडवा केला. नवा येईपर्यंत खेळाच्या कल्याणराव सरांनी शिवकांताला त्या जागी उभं केलं. "तू उभी ऱ्हा इथं. तू काय हलायची न्हाईस." नवा खांब आलाच नाही. सातवी गेली, आठवी गेली. मैदानाच्या एका टोकाला लाकडाचा खांब आणि दुसऱ्या टोकाला शिवकांता. पोरी पळत यायच्या, तिच्या कमरेला हात घालून गर्रकन वळायच्या आणि जायच्या. खांबाला सगळं दिसतं. कोण डाव्या पायावर वळते, कोण खो द्यायच्या आधी मान तिरकी करते, कुणाला कुठं हूल द्यायची, सगळं तिच्या डोक्यात पाठ होतं. फक्त कुणी तिला कधी पळ म्हणालं नव्हतं.

तिला पळायचं होतं. आणि ते परभणीला, जिल्ह्याच्या स्पर्धेत. मागच्या साली मोर्चे आणि बंद यांच्यात एस.टी.च सुटली नाही म्हणून पालमचा संघ गेलाच नव्हता. या साली जाणार होता.

पण शिवकांताचं वजन हे काही शिवकांताचं एकटीचं नव्हतं. ते सगळ्या गावाचं होतं. त्याचं असं झालं होतं, की वर्षाची असताना ती हगवणीनं अगदी मरायला टेकली होती. कपड्याच्या घडीएवढी उरली होती, असं तिची आई, म्हणजे अव्वा, सिद्धम्मा सांगायची. तेव्हा तिच्या वडलांनी, अप्पांनी, मठात जाऊन नवस केला. पोर जगली, तर तिचं लगीन होईतो दर साली श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिच्या वजनाचे पेढे वाटीन. पोर जगली. नुसती जगली नाही, तर दणक्यात जगली. त्यामुळं दर श्रावणात मठाच्या अंगणात आडतीवरचा मोठा तराजू टांगायचा, एका तागडीत शिवकांता बसायची, दुसऱ्या तागडीत किलोकिलोनं जोखलेले पेढे चढायचे, आणि दोन्ही समान झाल्या की स्वामीजी आकडा मोठ्यांदा सांगायचे. मागच्या साली त्रेसष्ट. गावातल्या लेकरांना सत्तावीसचा पाढा येत नव्हता, पण शिवकांताचं वजन पाठ होतं. अप्पांना, म्हणजे सांबप्पांना, याचा कोण अभिमान! पालमच्या एस.टी. स्टँडजवळ त्यांचं दुकान, मागं खव्याची भट्टी. आणि दोन गोष्टींसाठी ते पंचक्रोशीत माहीत. एक पेढा आणि दुसरा काटा. "सांबप्पाचा काटा" म्हटलं की लोक पुढं बोलायचे नाहीत, इतका तो खरा.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी शिवकांतानं खरवड नको म्हटली.

भट्टीवर खवा घोटणाऱ्या दगडाबाईचा हात थांबला. दगडाबाई साठीची, वाळल्या शेंगेसारखी काटक, आणि जिभेला लगाम नाही. "काय गं, ताप हाय का?"

"न्हाई. सोडलं."

"कढईनं काय वाईट केलं तुझं?"

शिवकांतानं कागद वाचून दाखवला. दगडाबाईनं ऐकलं आणि हसून उलथनं आपटलं. "अगं, हे तर मी जल्मापसून खायलेय! त्याला डाक्टर कशाला लागती?"

तिथून पुढं दगडाबाई तिची गुरू झाली. पेडगावच्या शिवारातून येताना ती ओच्यात काही ना काही आणायची. माघात हरभऱ्याचा ओला पाला, तुरीच्या शेंगा, जवारीचा हुरडा. उन्हाळ्यात कैऱ्या आणि कांदे. पहिल्या सरी पडून गेल्यावर तरोट्याची कोवळी भाजी. घरात चुलीपुढं शिवकांता स्वतः बसायला लागली, कारण अव्वानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "असलं वेडंविद्रं मी रांधणार न्हाई. आपल्या घरात दुधाचं न्हाई खायचं म्हंजे सोनाराच्या घरात सोनं न्हाई घालायचं."

"मग मी रांधते."

"भाजतील हात."

भाजलेही. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, दुसरी तव्यावरच दुभंगली. पण महिन्याभरात तिची भाकरी टम्म फुगायला लागली. मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी, शेंगदाणे घातलेलं मुगाचं घट्ट वरण. ती ताट भरून घ्यायची, मांडी ठोकून बसायची आणि मिटक्या मारत खायची. अव्वाचा सगळ्यांत मोठा राग यावरच होता. पोरगी उपाशी राहिली असती तर रडून, शपथ घालून चारता तरी आलं असतं. दोन-दोन भाकऱ्या उडवणाऱ्या पोरीला काय म्हणायचं?

सुरुवातीचा पंधरवडा वाईट गेला. भट्टीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. एकदा तर तिनं पेढा उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि मग समोरच्या गिऱ्हाइकाच्या पुड्यात टाकून दिला. ते गिऱ्हाईक म्हणजे चांगुणाबाई. तिनं ते बघितलं आणि दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, "सांबप्पा, तुमची लेकच तुमचा पेढा खात न्हाई. मग आमी कामून खावा?"

अप्पा हसले, पण पुडा बांधताना दोरा दोनदा तुटला. शिवकांताला ते लागलं. पण खरवडीसाठी पुन्हा हात पुढं गेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा खांबाच्या जागी ती उभी राहिली नाही. तिनं घरून सरपणातला बाभळीचा सरळ ओंडका आणला होता, तो दगडानं ठोकून रोवला. सर बघतच राहिले.

"हे काय?"

"सर, खांब आणलाय. आता मला पळवा."

सरांनी घड्याळ काढलं, जरा गंमत म्हणूनच. शिवकांता पळाली. वाऱ्यासारखी वगैरे नाही, पण तीन वर्षं उभं राहून जे पाहिलं होतं ते सगळं तिच्या पायांत उतरलं. डावीकडं हूल, उजवीकडं कट, खांबाला बोटं घासून गर्रकन वळण. रुख्मिणी, जी संघाची कप्तान होती, तिच्यामागं चार मिनिटं पळाली आणि शेवटी मातीत बसली. "मर की गं एकदाची!" ती ओरडली, आणि मग दोघी लोळून लोळून हसल्या.

सरांनी तिचं नाव यादीत घातलं. फक्त म्हणाले, "वडलांची परवानगी आण."

अप्पांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. आत अव्वाही दाराशी येऊन थांबली होती.

"पोरगी वाळायलीय, लोक विचारायलेत," अव्वा म्हणाली. "देवानं दिलेलं वजन कमी करायचं, म्हंजे देवालाच कमी द्यायचं. उद्या काही झालं म्हंजे? हिला तेव्हा मी मांडीवर घेऊन बसले होते, तुमी न्हाई."

अप्पांनी काट्याची दांडी बोटानं सरळ केली. "हे बघ शिवा. दोन-चार किलो इकडंतिकडं मी समजू शकतो. श्रावणातल्या सोमवारी तुझी तुला होईल. गेल्या सालापेक्षा चार किलोपर्यंत कमी भरलं, तर खुशाल परभणीला जा. त्याच्या खाली गेलं, तर खेळ बंद आन् दूध सुरू. काटा सांगंल तसं."

शिवकांतानं मान डोलावली. त्रेसष्टातून चार गेले, एकोणसाठ. आठ दिवसांपूर्वीच तिनं पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर उभं राहून पाहिलं होतं, आणि अप्पा दुकानात असताना आनंदाच्या भरात ओरडत अव्वाला सांगितलंही होतं. पंचावन्न.

आता श्रावणापर्यंत खवा, तूप, साखर ओढलं असतं तर चार किलो चढलेही असते. रुख्मिणीनं तेच सुचवलं. "महिनाभर खा की गं पेढे. संघात तर येशील!"

"आन् मग पळणार कोण? तो बाभळीचा ओंडका?"

तिनं खाणं बदललं नाही. पळणंही थांबवलं नाही. गिरणीतला काटा मात्र पंचावन्नावरच थांबला होता. रोज सकाळी मैदानावर जायची, रोज संध्याकाळी भाकरी थापायची, आणि रात्री अंथरुणावर पडून एकोणसाठ आणि पंचावन्न हे दोन आकडे एकमेकांवर आपटत राहायची. काही तरी होईल, असं तिला उगीचच वाटायचं. काय होईल ते मात्र सुचत नव्हतं.

शेवटच्या सोमवारी मठाचं अंगण भरून गेलं. राणीसावरगावचे पाहुणे आले होते, चांगुणाबाई पुढंच बसली होती, शाळेतल्या पोरी भिंतीवर ओळीनं चढल्या होत्या. तागड्या साखळ्यांना टांगल्या होत्या. अप्पांनी कपाळावर भस्म लावून स्वतःच्या हातानं काट्याची दांडी तपासली, रिकाम्या तागड्या समान आहेत हे सगळ्यांना दाखवलं. अव्वानं तिला जरीची साडी नेसवली होती. शिवकांता तागडीत मांडी घालून बसली. मग ओटी भरायला अव्वा पुढं झाली. तांदूळ, खोबरं, नारळ, आणि एका हिरव्या खणात गुंडाळलेलं गाठोडं. ते मांडीवर ठेवताना अव्वा कानाशी पुटपुटली, "देवाची ओटी हाय. धरून बस. सोडू नको."



गाठोडं मांडीवर टेकलं आणि शिवकांता दचकली. नारळाचं ओझं गोल असतं, तांदळाचं पसरतं. हे तर एका जागी बसलं होतं, गार आणि कोपऱ्याकोपऱ्यांचं. दुकानात वाढलेल्या पोरीच्या मांडीला लोखंड कळत नाही होय? दोन-दोन किलोची दोन मापं. आपल्याच दुकानातली.

पंचावन्न आणि चार. एकोणसाठ. अव्वानं बरोबर जुळवलं होतं.

समोरच्या तागडीत पेढ्यांची ताटं चढायला लागली. एक, दोन, तीन. शिवकांता वर उचलली जायला लागली. भिंतीवरून रुख्मिणी हात हलवत होती. काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. अव्वाच्या जिवाला शांती, अप्पांचा शब्द राहिला, आणि याच आठवड्यात परभणीची एस.टी. खांबासारखं नुसतं बसून राहायचं. तीन वर्षं केलंच होतं की ते.

तिनं अव्वाकडं बघितलं. अव्वाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती मान हलवत होती, नको, सांगू नको.

शिवकांतानं गाठोडं सोडलं. दोन्ही मापं हातात घेऊन वर धरली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अप्पा, हे चार किलो माझे न्हाईत. दुकानाचे हायेत."

चांगुणाबाईचा हात गालावर गेला. अप्पांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी मापं ओळखली, मग बायकोकडं बघितलं. सिद्धम्मानं पदर तोंडाला लावला होता.

"लोकांनी काही म्हणू नये म्हणून," ती म्हणाली, इतक्या हळू की फक्त अप्पांना आणि शिवकांतालाच ऐकू गेलं. "देवानं काही करू नये म्हणून."

अप्पा पुढं आले. मापं लेकीच्या हातातून घेतली आणि पायरीवर ठेवली. खाड, खाड. आणि मग, आजवर पेढे चढवणाऱ्या त्या माणसानं, एकेक करून ताटातले पेढे खाली काढायला सुरुवात केली. घाई नाही, चुकवाचुकव नाही. दुकानात दोनशे ग्राम जोखताना जसं करायचे तसंच, दांडीवर नजर ठेवून. तागड्या समान झाल्या तेव्हा त्यांनी हात मागं घेतला.

"पंचावन्न," स्वामीजी म्हणाले. आणि मग म्हणाले, "पोरगी धडधाकट दिसतीय, सांबप्पा. हर हर महादेव."

पेढे वाटले गेले. मागच्या सालच्या हिशोबानं केलेल्या त्रेसष्टातले आठ किलो उरले. ते कुणी मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत. ती ताटं डोक्यावर घेऊन दगडाबाई घरी आली, ओसरीवर ठेवली आणि जाताना शिवकांताच्या पाठीत एक धपाटा घालून गेली. तो रागाचा नव्हता.

दुपारी घरात तिघंच होते. अप्पा खाटेवर, अव्वा उंबऱ्याशी, आणि मधोमध आठ किलो पेढ्यांची ती ताटं.

"मापाचं तू सांगितलंस ते बरं केलंस," अप्पा शेवटी म्हणाले. "माझा काटा राहिला. पण शिवा, ठरल्याचं काय? एकोणसाठाच्या खाली गेलं तर खेळ बंद, असं ठरलं होतं. तू हो म्हणली होतीस."

"हो म्हणले होते."

"मग?"

शिवकांता उठली. जरीची साडी तिनं कधीच बदलली होती. अंगात शाळेचा गणवेश होता, वेण्या वर बांधलेल्या होत्या. आवाज अगदी तसाच निघाला, जसा जानेवारीत वर्गात निघाला होता.

"तेव्हा चूक केली अप्पा. माझ्या वजनाचा सौदा मी करायला नको होता, आन् तुमीबी. अव्वा, तू रडू नको, माझ्याकडं बघ. मी वाळले न्हाई. काल दोन भाकरी, वाटीभर मटकी, चार भुईमुगाच्या मुठी खाऊन चार मिनिटं पळले. मांडीवर घेऊन बसली होतीस ती पोर ही न्हाई. ती जगली. नवस ती जगावी म्हणून केला होता ना? फुगावी म्हणून तर न्हाई केला?"

अव्वानं पदर बाजूला केला. लेकीकडं बघितलं.

"कल्याणराव सरांना मी आजच सांगून येणार हाय. परवानगीचा कागद तुमी दिलात तर हसत नेईन, न्हाई दिलात तर सरांना घरी घेऊन येईन, रोज आणीन, तुमी द्याल तोवर आणीन. आता मी परत खांब होणार न्हाई. आन् पुढच्या श्रावणात तागडीत मी बसंन, नवस मोडायचा न्हाई. पण समोर पेढे न्हाई, जवारी चढंल. अख्खी, पोत्यातली. गावाला ती वाटायची. किती लागंल ते आता इचारू नका, कारण माझं वजन किती ते तुमी न्हाई, अव्वा न्हाई, चांगुणाबाई न्हाई, मी ठरवणार हाय. शुक्रवारी सकाळी सातची एस.टी. हाय, अप्पा. मी परभणीला जायलेय."